मग त्याला आणायला कोण गेलं?

शेंद्र्याचे नानासाहेब तुपे माणूस म्हणून काही वाईट नव्हते, पण जावई म्हणून भयंकर होते. गंगापूरच्या आप्पासाहेबांच्या घराचे ते थोरले जावई. त्या घरात लग्न निघालं की तारीख ठरायची, आचारी ठरायचा, आणि नानासाहेब या खेपेला कशावरून रुसतील याचा अंदाज बायका पापड लाटता लाटता बांधायच्या. रुसतील का, असा प्रश्न मात्र कुणी विचारत नसे.

पहिल्यांदा ते स्वतःच्याच लग्नात रुसले. जानवशाला आलेल्या चहाच्या कपाला कान नव्हता. मेव्हण्याच्या, म्हणजे रामकिसनच्या लग्नात आहेराचा टॉवेल हातरुमालाएवढा निघाला म्हणून ते उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात तर थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले. तिथं एक गाडी लागली. कंडक्टरनं “चला चला, लासूर लासूर” असा धोशा लावला, आणि बाकावर बसून राहावं तर रुसणं लटकं दिसेल म्हणून बिचारे गाडीत चढले आणि खरोखर लासूरला पोचले. मागून आप्पासाहेब काळ्यापिवळ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथे बसून आले.

प्रत्येक खेपेला आप्पासाहेब स्वतः यायचे. यायचे, शेजारी टेकायचे, आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचे. कोण चुकलं, काय चुकलं, याची चौकशी करत नसत. नानासाहेबांचं पाणी पिऊन झालं की एवढंच म्हणायचे, “चला नानासाहेब, तुमच्यावाचून अडलंय.” आणि नानासाहेब उठायचे.

त्या शब्दांसाठी हा सगळा खटाटोप होता. नानासाहेब घरात चौथा भाऊ. चौथ्या भावावाचून कुणाचं काही अडत नाही. पेरणी त्याला न विचारता व्हायची, जेवायला त्याला कुणी हाक मारत नसे, जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा कागदावर सही करायची त्याची पाळी आली आणि तेवढ्यात साहेबांचं पेन संपलं. सगळ्या जगात एक म्हातारा असा होता की जो जीपमध्ये चौथा बसून लासूरपर्यंत यायचा आणि तुमच्यावाचून अडलंय म्हणायचा. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला, द्वारकाबाईंना, न सांगता माहीत होतं, आणि त्यांना त्याचा मनस्वी कंटाळा आलेला होता.

नानासाहेब आता शेंद्र्यातल्या एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर होते. गेट आहे तिथं पूर्वी तुप्यांची बाजरी असायची, त्यामुळं आत येणाऱ्या प्रत्येक ट्रकला ते बांध कोरणाऱ्या भाऊबंदासारखं हटकायचे. कंपनीत परदेशी पाहुणे येऊ लागले तसं वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की गेटवरच्या आणि कँटीनमधल्या माणसांना थोडं इंग्रजी यायला पाहिजे. दर गुरुवारी जेवणानंतर कँटीनमध्ये वर्ग भरू लागला. शिकवायला शहागंजहून स्कूटीवर नुझहत मॅडम यायच्या. त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त घाईत असल्या की ते दखनी उर्दूत घसरायचं.

मॅडम दर गुरुवारी एक फ्रेजल व्हर्ब घ्यायच्या. दोन साधे गरीब शब्द एकत्र येतात आणि तिसराच उद्योग करतात, त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गिव्ह अप झालं, लुक आफ्टर झालं. त्या गुरुवारी फळ्यावर वॉक आउट आलं.

“वॉक म्हणजे चालणं, आउट म्हणजे बाहेर,” मॅडम म्हणाल्या. “पण जोडले की नुसतं बाहेर चालणं नै. नाराज होऊन, सगळ्यांच्या देखत उठून निघून जाणं. ही वॉक्ड आउट ऑफ द मीटिंग. तो मीटिंगमधून रागारागानं निघून गेला.”

आजवर इंग्रजी भाषा नानासाहेबांना परकी वाटत होती. आज पहिल्यांदा तिच्यात घरचं माणूस भेटलं. ते पुढं सरकून बसले.

“मंग?” त्यांनी विचारलं.

“मग काय?”

“मंग त्याला आणायला कोण गेलं?”

मॅडमनी फळ्याकडं पाहिलं. तिथं आणायला जाणारं कुणी नव्हतं. “कोई नै गया,” त्या म्हणाल्या.

“असं कसं? साहेब नाय तर नाय, एखादा शिपाई तरी?”

“नानासाहेब, वाक्य तिथंच संपलं. फुल स्टॉप.”

गेटवर त्यांच्या हाताखाली असलेला मल्हारी म्हणाला, “आमदार करत्यात की वॉकआउट. टीव्हीवर दावत्यात.”

“ते जेवायच्या टायमाला माघारी येत्यात,” नानासाहेब म्हणाले. “त्यांचं धरायचं नाय.”

कँटीनच्या साळूबाई म्हणाल्या, “माझा मालक बी करतो. मी दार लावून घेते. सकाळी ओट्यावरच असतो.”

वर्ग हसला. नानासाहेब हसले नाहीत. “म्हंजी मॅडम, वॉक आउट म्हंजी आपलं रुसणंच ना?”

“रूठना? नै नै, रूठना अलग,” मॅडम खडू ठेवत म्हणाल्या. “रूठने में मनाना रहता. कुणीतरी समजूत काढायला येणार, हे त्यात धरलेलंच असतं. वॉक आउट में मनाना नै रहता. गेला तो गेला. आणि त्याच्यापुढं ऑन लावला तर मामला अजून बिकट. ही वॉक्ड आउट ऑन हिज फादर. जो आपल्या भरवशावर आहे त्यालाच टाकून निघून गेला. हा ऑनवाला लिहून घ्या, परीक्षेत येतो.”

मल्हारीनं लिहून घेतलं. नानासाहेबांनी घेतलं नाही. कुणाला टाकून जाणाऱ्यांपैकी ते नव्हतेच. ते परत येण्यासाठीच जात असत. पण फुल स्टॉप मात्र त्यांच्या डोक्यात खड्यासारखा जाऊन बसला. घरी आल्यावर ते द्वारकाबाईंना म्हणाले, “इंग्रजांना रुसताच येत नाय.”

“म्हणूनच त्यांचं राज्य एवढं चाललं,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी काढायला उठल्या.

पंधरवड्यानं रामकिसनच्या मुलीचं लग्न होतं. गंगापूरला दारात मांडव घालायचे दिवस गेले. बीड बायपासला मोठं मंगल कार्यालय घेतलं होतं. वर ड्रोन फिरत होता, खाली सूत्रसंचालक होता, आणि त्याच्या हातात माइक होता. समोर पहिल्या रांगेत आप्पासाहेब गुलाबी फेटा बांधून खुर्चीत बसले होते. म्हातारा आता फार वाकला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले. नानासाहेब पाया पडायला वाकले तसा त्यांनी हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

“आज माझ्याजवळच बसा,” आप्पासाहेब म्हणाले. “गर्दीत मला माणूस वळखू येत नाय. माझ्या डोळ्यांदेखत हे घरातलं शेवटचं लगीन. अक्षता टाकायला हात धरून वर न्या.”

“काळजीच करू नका, मामा,” नानासाहेब म्हणाले.

आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. आज रुसायचं नाही, असं ते घरूनच ठरवून निघाले होते. त्यात शहाणपण थोडं आणि भीती जास्त होती. म्हाताऱ्याचे गुडघे असे, बाकीच्यांना वेळ नाही. उद्या आपण उठून गेलो आणि कुणी आलंच नाही तर? तर मग आजवर आपल्यावाचून जे अडत होतं ते खरंच अडत होतं का, हेही उघडं पडायचं. त्यापेक्षा गप बसलेलं बरं. म्हातारा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून डुलक्या घेत होता, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात सत्कार सुरू झाले. टॉवेल, टोपी, नारळ. पुढारी झाले, सोयरे झाले. मग माइकवरून आवाज आला, “आता या घराचे जावई, कडूबाराव!” कडूबा हा धाकट्या मेव्हणीचा नवरा. त्याचं नाव आधी येण्याचं कारण एवढंच की तो माइकच्या जवळ उभा होता. नानासाहेबांनी दातओठ खाल्ले, पण गिळलं. मग आवाज आला, “आणि दुसरे जावई, नानासाहेब!”

दुसरे. हा शब्द नानासाहेबांच्या पायांनी ऐकला. डोकं अजून विचार करत होतं, पाय उठलेसुद्धा. गुडघ्यावरचा म्हाताऱ्याचा हात त्यांनी उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि ते निघाले.

रुसून जाण्याची एक पद्धत असते आणि ती त्यांना तोंडपाठ होती. मागच्या दारानं जायचं नसतं. ते स्टेजच्या पुढून, कॅमेऱ्याच्या आडवे, सूत्रसंचालकाच्या नाकासमोरून गेले. आपण गेलो हे एका तरी माणसाच्या कानावर घालायचं असतं, म्हणजे आणायला येणाऱ्यांची गैरसोय होत नाही. म्हणून गेटवर पार्किंगवाल्याजवळ थांबून ते मोठ्यानं म्हणाले, “मी चाललो!”

“मंग गाडी लवकर काढा,” पार्किंगवाला म्हणाला, “मागं लाइन लागलीय.”

गाडी काढायचा प्रश्नच नव्हता. गाडी घेऊन रुसता येत नाही. गाडी घेतली की माणूस सरळ घरी जातो, आणि मग सगळंच संपतं. नानासाहेब पायी निघाले, बायपासवरचे ट्रक चुकवत पलीकडं गेले, आणि कार्यालयाच्या गेटमधून बरोब्बर दिसेल अशा एका चहाच्या टपरीच्या बाकड्यावर गेटकडं तोंड करून बसले. टपरीवाल्यानं चहा विचारला. रुसलेल्या माणसानं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि रुसल्याचा चेहरा लावून घेतला.

चेहरा लावून ते बराच वेळ बसले. गेटमधून माणसं येत होती, जात होती. कुणी हात वर करून हाक मारत नव्हतं. मग त्यांच्या नाकाला मसालेभाताचा वास आला आणि पहिल्यांदा ते चपापले. भुकेनं नव्हे. आत बुफे होता, हे त्यांना आठवलं.

पूर्वी पंगत असायची. पंगतीत थोरल्या जावयाचं पान रिकामं दिसलं की वाढपी थांबायचे, सोयरे माना वळवायचे, कार्यमालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. थोरला जावई आला नाही तर कुणी घास उचलत नसे. रुसण्याचा सगळा जीव त्या रिकाम्या पानात होता. बुफेत रिकामं पान नसतं. बुफेत एक माणूस कमी म्हणजे रांगेत एक माणूस कमी, मागचा खूश.

एवढ्यात फोन वाजला. नानासाहेबांनी मुद्दाम तो चार वेळा वाजू दिला. द्वारकाबाई होत्या.

“कुठं आहात?”

“मी निघून आलोय,” नानासाहेब खर्जात म्हणाले.

“बरं. येताना गाडीतली माझी पिशवी आणा, तिच्यात आहेराची साडी हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आता मात्र नानासाहेबांना खरंच वाईट वाटायला लागलं. इतका वेळ राग होता, आणि राग असला की माणसाला सोबत असते. तो उतरला आणि ते त्या बाकड्यावर अगदी एकटे पडले. समोरून ट्रक जात होते. ही वॉक्ड आउट. फुल स्टॉप. मॅडमचं ते वाक्य त्यांना अर्धवट वाटलं होतं. पण वाक्य पुरं होतं, अर्धवट आपणच होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत त्यांनी टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या बघायला घेतल्या.

बरण्यांवरून नजर काढून त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, तर दुभाजकावर गुलाबी फेटा.

आप्पासाहेब एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन बायपासच्या मधोमध उभे होते. दोन्ही अंगांनी ट्रक चालले होते. म्हातारा मान वळवून आवाजाच्या दिशेनं बघत होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी एक पाय खाली टाकला, हॉर्न वाजला, पाय परत वर घेतला.

कुणी आणायला आलं की जागचं हलायचं नाही, तोंड दुसरीकडं फिरवायचं, हा पहिला नियम. नानासाहेब सगळे नियम विसरून धावले. एका टेम्पोवाल्यानं त्यांना आईवरून शिवी दिली. धावता धावता, जे लिहून घेतलं नव्हतं तेच त्यांना लख्ख आठवलं. ऑनवाला. जो आपल्या भरवशावर आहे त्यालाच टाकून. दांड्यावर उचलून ठेवलेला तो हात त्यांना दिसला, आणि स्वतःची एवढी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

म्हाताऱ्याला कवेत धरून त्यांनी टपरीपर्यंत आणलं, बाकड्यावर बसवलं. “मामा, कामून आले एकटे? एखादा ट्रक अंगावर आला असता म्हंजी?”

आप्पासाहेब जरा वेळ धापा टाकत राहिले. मग तोंड दुसरीकडं फिरवून म्हणाले, “मी रुसलोय.”

“काय?”

“रुसलोय. मला कुणी इचारत नाय. मी नाय जायचा आता माघारी.”

 आयुष्यभर नानासाहेब बाकड्याच्या या अंगाला बसत आले होते, त्या अंगाला काय करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. “चला ना मामा, असं काय करता,” ते म्हणाले.

“असं नाय,” आप्पासाहेब तोंड न वळवता म्हणाले. “आधी पाणी द्यायचं असतं.” आणि हातातली बाटली त्यांनीच पुढं केली.

नानासाहेबांनी झाकण उघडून बाटली त्यांच्या हातात दिली. म्हातारा सावकाश पाणी प्याला, उरलेलं नानासाहेबांपुढं धरलं. नानासाहेबही प्याले. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी सांगितलं की कंपनीत बाई इंग्रजी शिकवते, आणि इंग्रजीत याला वॉक आउट म्हणतात.

“बरं,” आप्पासाहेब म्हणाले. “मंग त्याला आणायला कोण जातं?”

नानासाहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “कोणी जात नाय म्हणते, मामा.”

“लई वंगाळ भाषा,” म्हातारा म्हणाला. “कामापुरती शिका.”

टपरीवाला हसला. नानासाहेब उठून उभे राहिले, त्यांनी शर्टाला डोळे पुसले, आणि जे शब्द त्यांनी फक्त ऐकले होते ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हणाले. “चला मामा. तुमच्यावाचून अडलंय.”

आप्पासाहेब लगेच उठले. इतक्या लगेच उठायचं नसतं, हे नानासाहेबांच्या लक्षात आलं. म्हाताऱ्याचा दंड धरून त्यांनी अर्धा रस्ता पार केला. दुभाजकावर ट्रकांची रांग जाईपर्यंत थांबावं लागलं, आणि तिथं कार्यालयाचा भोंगा स्पष्ट ऐकू आला. सूत्रसंचालक घसा फोडून ओरडत होता, “वधूचे आजोबा आप्पासाहेब, असाल तिथून स्टेजवर यावं! मुहूर्त टळतोय, नवरी म्हणते आजोबा आल्याबगर अंतरपाट धरायचा नाय!” गेटवर रामकिसन डोक्याला हात लावून इकडं तिकडं बघत होता. कडूबा पार्किंगमधल्या गाड्यांच्या आत डोकावत होता. त्या म्हाताऱ्याला कुणी विचारत नव्हतं असं काही नव्हतं. सगळं कार्यालय त्याच्यासाठी खोळंबलं होतं, आणि तो मध्येच उठून बाटलीभर पाणी घेऊन बायपास ओलांडत होता.

नानासाहेब आप्पासाहेबांकडं वळले. “मामा, तुम्ही रुसले नव्हते.”

म्हातारा समोर बघत होता, जणू भोंगा त्याला ऐकूच येत नव्हता. ट्रक गेले, रस्ता मोकळा झाला. आप्पासाहेबांनी नानासाहेबांच्या हातावर आपला हात घट्ट दाबला आणि दुखरा पाय खाली टाकला.

“गुडघे राहिले नाय आता, नानासाहेब,” ते म्हणाले. “पुढच्या बारीला रस्त्याच्या अलीकडंच रुसा.”